‘राष्ट्रपती गाईड’ झाली म्हणजे नेमकं काय झालं?

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीचा सत्कार झाला. तिला भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. चौकात फ्लेक्स लागला, व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपवर ‘माशाअल्लाह’ आणि मुबारकबादीचा पाऊस पडला. खूप आनंद वाटला. पण पुढच्या दोन दिवसांत मला रस्त्यात, दुकानात, अगदी दवाखान्याच्या रांगेतसुद्धा लोकांनी गाठून प्रश्न विचारले. टीचर, दिल्लीला बोलावलं होतं का? हे एनसीसीच आहे ना? परेडचं बक्षीस का? एका चाच्यांनी तर सरळ विचारलं, किती रुपये मिळाले?

मी तिची गाईड कॅप्टन. म्हणजे शाळेत शिकवता शिकवता गाईड पथक चालवणारी शिक्षिका. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. मुलीच्या घरच्यांना तिचं नाव आणि फोटो सगळीकडे फिरावा असं वाटत नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

आधी चाच्यांचं उत्तर. पैसे मिळत नाहीत. मिळतं ते प्रमाणपत्र, त्यावर राष्ट्रपतींची सही असते, आणि गणवेशावर लावायचा बिल्ला. एनसीसीशी याचा संबंध नाही. एनसीसी संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, तिथे लष्करी शिस्त आणि कवायत असते. स्काऊट-गाईड ही शैक्षणिक चळवळ आहे आणि तिचा लष्कराशी संबंध नाही. आणि हे एका दिवसाच्या स्पर्धेचं बक्षीसही नाही. कुणाला हरवून हा पुरस्कार मिळत नाही. ठरलेल्या पायऱ्या चढत, प्रत्येक पायरीवर चाचणी देत मिळतो. एकाच पथकातल्या चार मुली पात्र ठरल्या तर चौघींनाही मिळेल.

या पायऱ्या आपल्या पालकांना माहीतच नसतात, आणि इथेच आपलं नुकसान होतं.

मूल दहा वर्षांचं झालं की मुलगा स्काऊट आणि मुलगी गाईड होऊ शकते. त्याआधीच्या वयासाठी कब आणि बुलबुल असतात. सुरुवात ‘प्रवेश’ या टप्प्याने होते. त्यात वचन, नियम, सलाम, प्रार्थना आणि झेंड्याची माहिती शिकायची आणि दीक्षा घ्यायची. मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान. त्यानंतर राज्य पुरस्कार, त्याच्या प्रमाणपत्रावर राज्यपालांची सही असते. सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. शालेय वयात याच्या वर काही नाही. दोन पायऱ्यांमध्ये ठरावीक महिने जावेच लागतात, मूल कितीही हुशार असलं तरी. दहावीचा अभ्यास महिनाभर जागून उरकता येतो, पण हे तसं उरकत नाही. पाचवीत सुरू केलं तर नववी-दहावीपर्यंत गाडी वर पोहोचते. आठवीत ‘बघू या’ म्हणून आलेल्या मुलीला मी पथकात घेते, पण तिच्या अम्मीला तेव्हाच सांगते की राष्ट्रपती पुरस्कार आता अवघड आहे.

या वर्षांत मुलं करतात काय? खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं बाहेरून बघणाऱ्याला खेळच वाटतो. सहा ते आठ मुलींचा एक संघ, त्याची एक संघनायिका. दोरीच्या गाठी बांधायच्या. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाईन. एक आजोबा मैदानाच्या कडेला बसून म्हणाले होते, गाठी तर आमच्या बैलगाडीवाल्यालाही येत होत्या. बरोबरच होतं त्यांचं! पण बोलाईनचा फास ओढला तरी आवळत नाही, म्हणून विहिरीत पडलेल्या माणसाच्या काखेखालून तोच घालायचा, आणि साधी सरकगाठ घातली तर माणूस गुदमरेल, हे सहावीतल्या मुलीला माहीत असणं आणि तिच्या हाताला ते अंधारातही जमणं, यासाठी हा सगळा खेळ असतो.

पुढे होकायंत्र आणि नकाशा येतो. आमची पहिली मोठी भटकंती नेहमी चांदबीबी महालाची. नगरपासून तेरा-एक किलोमीटर, पाथर्डी रस्त्याला. (नाव चांदबीबीचं असलं तरी ती आहे सलाबतखानाची कबर, हेही मुलींना तिथेच कळतं.) वरून अख्खं शहर दिसतं. तिथे बसून मुली नकाशा काढतात आणि दिशा लावतात. जोहरची वेळ झाली तेव्हा एकीने विचारलं, टीचर, किब्ला बरोब्बर पश्चिमेला असतो का? मग होकायंत्र घेतलं आणि हिशेब मांडला. आपल्या नगरहून मक्का सरळ पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून साधारण दहा अंश उत्तरेकडे आहे. अंश म्हणजे काय हे त्या मुलींना मला पुन्हा कधी शिकवावं लागलं नाही.

उंचीचा अंदाज घेणंही असंच. एक मीटरची काठी उन्हात उभी करा. तिची सावली अर्धा मीटर पडली आणि त्याच वेळी मशिदीच्या मिनाराची सावली नऊ मीटर भरली, तर मिनार अठरा मीटर. वर चढायची गरज नाही. वर्गात समरूप त्रिकोण शिकताना झोपा काढणाऱ्या मुली इथे टेप घेऊन पळत असतात.

शिबिरात बिनभांड्याचा स्वयंपाक असतो. तवा नाही, पातेलं नाही. बटाटे, वांगी विस्तवात भाजायची आणि कणकेचा गोळा काठीला गुंडाळून निखाऱ्यावर शेकायचा. ‘खरी कमाई’ नावाचा उपक्रम असतो, त्यात मुलांनी स्वतः काही काम करून किंवा वस्तू विकून पैसे मिळवायचे असतात. आणि प्रथमोपचार तर पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत सुटत नाही. दर टप्प्यावर तो थोडा अवघड होत जातो. सुरुवातीला खरचटलेलं धुणं, भाजल्यावर थंड पाणी ओतत राहणं (टूथपेस्ट नाही, हळद नाही), मग मोडलेल्या हाडाला आधार देणं, दोन काठ्या आणि एका चादरीचं स्ट्रेचर करणं. जोडीला प्रावीण्य पदकं असतात, म्हणजे एखाद्या विषयात जरा खोल जाऊन मिळवायचे बिल्ले. राज्य आणि राष्ट्रपती पुरस्काराला असे बिल्ले आणि समाजसेवेचं काम लागतंच.

तृतीय सोपानापर्यंत पोरी भराभरा येतात. तिथून पुढे आमच्या यादीतली नावं गळायला लागतात.

कारण एकच. राज्य पुरस्काराचं चाचणी शिबिर निवासी असतं. राष्ट्रपतीचंही. घराबाहेर, दुसऱ्या गावी, रात्रीचा मुक्काम. आणि मुलगी तेव्हा असते तेरा-चौदा वर्षांची. माझ्या पंधरा वर्षांत किती मुली तृतीय सोपानावर थांबल्या, ते मी मोजणं सोडून दिलं आहे. त्यातली एक माझ्यापेक्षा चांगल्या गाठी बांधायची. तिच्या दादींनी मला चहा दिला, नानकटाई दिली, आणि प्रेमाने सांगितलं, “टीचर, लड़की जात है, रात का मुक्काम कायकू?” पुढे बोलणंच खुंटलं. मी परत आले. ती मुलगी आज कुठे भेटली तर सलाम करते, पण गाईडचा विषय दोघीही काढत नाही.

ज्या मुलीचा आता सत्कार झाला, तिच्या अब्बूंनीही आधी नाहीच म्हटलं होतं. रिक्षा चालवतात ते. मी काही फार मोठा युक्तिवाद केला नाही. शिबिराचं पत्रक त्यांच्या हातात दिलं. मुलींबरोबर कोण कोण बायका राहणार, कुठल्या इमारतीत राहणार, दाराला कडी कुठून आहे, फोन कितीला करता येईल, हे सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही आधी येऊन जागा बघून जा. ते खरंच रिक्षा घेऊन आले. स्वच्छतागृहापर्यंत सगळं पाहिलं, तिथल्या गाईडरशी बोलले, आणि जाताना मला म्हणाले, टीचर, पाण्याची टाकी उघडी आहे, झाकण घालायला सांगा. तेव्हाच मी ओळखलं की हे आता पाठवणार.

म्हणून पालकांना काही गोष्टी स्पष्ट सांगते, कारण नकारामागे बहुतेक वेळा माहिती नसणं हेच असतं. गाईड विभाग वेगळा असतो आणि मुलींच्या पथकाची प्रमुख बाईच असते. गणवेशात सलवार, कमीज, ओढणी नियमानेच चालते. जगात सर्वात जास्त स्काऊट कुठल्या देशात आहेत ठाऊक आहे? इंडोनेशियात. तिथल्या हजारो मुली हिजाबवर स्कार्फ बांधून संचलन करतात. वचनात ईश्वर आणि देश यांच्याप्रती कर्तव्य आहे, इतरांना मदत आहे, नियम पाळणं आहे. ज्याला हवं त्याला ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ हा शब्द घेण्याची मुभा आहे. शिबिरात सर्वधर्म प्रार्थना होते, तिथे आमच्या मुली सूरह फातिहा पढतात आणि बाकीच्या मुली शांत उभ्या राहून ऐकतात. त्यांच्या वेळी आमच्या मुली उभ्या राहतात. आम्ही गेलो त्या शिबिरांत जेवण शाकाहारीच होतं आणि नमाजसाठी कुणी कधी अडवलं नाही. रमजानमध्ये शिबिर आलं तर मात्र आधीच बोलून ठेवावं लागतं. ऐन वेळी सांगितलं की सगळ्यांचीच पंचाईत होते.

एक गंमत राहिली. स्काऊट-गाईड एकमेकांशी डाव्या हाताने हात मिळवतात. जगभर हीच पद्धत आहे. आपल्या घरांत यावरून हमखास वाद होतो, कारण जेवण, देणंघेणं, मुसाफा सगळं उजव्या हाताने करायचं हे लहानपणापासून शिकवलेलं. पश्चिम आफ्रिकेतल्या एका योद्ध्याची गोष्ट यामागे सांगतात. डाव्या हातात ढाल असते, ती खाली ठेवून समोरच्याला हात द्यायचा, म्हणजे माझा तुझ्यावर भरवसा आहे. मी मुलींना सांगते, पथकात डावा, घरी उजवा. मुलांना त्यात काहीच अवघड वाटत नाही, अडचण आपल्याला असते.

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्या गावापर्यंत येतो. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राऊन्सी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊट मुलांचा मेळावा भरला तर काही मुली बोलावलेल्या नसतानाही तिथे येऊन उभ्या राहिल्या, आम्हालाही घ्या म्हणून. पुढच्याच वर्षी गाईडची वेगळी संघटना झाली, आणि १९११ मध्ये भारतातली पहिली गाईड कंपनी जबलपूरला सुरू झाली. पण भारतात सुरुवातीला स्काऊटिंग हे साहेबांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होतं. मग ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात एकापेक्षा जास्त स्काऊट संघटना होत्या, प्रत्येकीचा झेंडा निराळा.

त्या एकत्र आणण्यासाठी ज्यांनी जोर लावला त्यांत पंतप्रधान पंडित नेहरू होते आणि देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद होते. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकच संघटना झाली. मुलींची गाईड संघटना १५ ऑगस्ट १९५१ ला तिच्यात आली. आता नगरकरांनी आठवून बघावं, हे दोघंही १९४२ च्या ऑगस्टपासून कुठे कैदेत होते? आपल्या भुईकोट किल्ल्यात. मौलानांनी ‘गुबारे खातिर’मधली पत्रं तिथेच लिहिली, नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिलं. मी दरवर्षी नव्या मुलींना किल्ल्यात नेते. तुमची संघटना सगळ्या देशात एक आहे, तिला या खोल्यांत राहिलेल्या दोन माणसांचा हात लागलेला आहे, एवढंच सांगते. त्यापेक्षा जास्त सांगितलं तर त्या तोफा बघायला पळतात.

पुण्यालाही जाऊन या कधीतरी. तिथे ‘संगम’ नावाचं गाईड मुलींचं जागतिक केंद्र आहे, १९६६ पासून. अशी मोजकीच केंद्रं जगात आहेत आणि त्यातलं एक आपल्यापासून तीन तासांवर.

नोकरीचा प्रश्न सगळ्यांनीच विचारला, म्हणून तोही घेते. रेल्वे भरतीत स्काऊट-गाईड कोटा असतो. त्यात वरच्या स्तराच्या पदांसाठी राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज मागतात. शिवाय नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, चळवळीत सतत काम केल्याचा आणि राज्य-राष्ट्रीय शिबिरांत भाग घेतल्याचा पुरावा लागतो, शैक्षणिक पात्रता वेगळी. आणि जागा अगदी थोड्या, एकेका झोनमध्ये बोटांवर मोजण्याइतक्या. तेव्हा ‘पुरस्कार मिळाला, आता रेल्वे पक्की’ असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दहावीच्या सवलतीच्या गुणांचे नियम वेळोवेळी बदलतात, त्यासाठी मुख्याध्यापकांकडे चालू वर्षाचं परिपत्रक मागा. मी स्वतः गुणांच्या आशेने आलेल्या मुलींपैकी शेवटपर्यंत टिकलेली एकही पाहिलेली नाही. टिकतात त्या ज्यांना संघातल्या मैत्रिणी सोडवत नाहीत.

कागदपत्रांचं मात्र ऐका. यात मी स्वतः ठेच खाल्ली आहे. मी नवी होते तेव्हा एका मुलीच्या नोंदवहीत दीक्षेची आणि सोपानांची तारीख वेळच्या वेळी लिहिली नाही. काम तिने सगळं केलं होतं. पुढच्या टप्प्याचा अर्ज भरताना तारखा जुळेनात, अंतराचे महिने सिद्ध होईनात. तिचं एक वर्ष गेलं, मग दहावी आली, मग वय. चूक सर्वस्वी माझी होती आणि भोगलं तिने. तेव्हापासून मी पालकांनाच सांगते, टीचरवर सोडू नका. मुलीची नोंदवही दर तीन महिन्यांनी मागून बघा. तारीख आहे का, सही आहे का, पथकाची यंदाची नोंदणी नूतनीकरण झाली आहे का. शाळेत पथकच नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा. एखादी शिक्षिका प्राथमिक प्रशिक्षण घेऊन पथक सुरू करू शकते. जिल्ह्याला स्काऊटसाठी आणि गाईडसाठी वेगवेगळे जिल्हा संघटक असतात, ते मार्ग सांगतात. एका पथकात बत्तीस मुली बसतात, म्हणजे मोहल्ल्यातल्या एका गल्लीच्या मुली झाल्या.

सत्काराबद्दल थोडं बोलू का? राग मानू नका. निकाल लागून प्रमाणपत्र हातात यायला इतका वेळ जातो की मूल तोपर्यंत कॉलेजला गेलेलं असतं. मग आपण मोठा कार्यक्रम करतो, आठ पाहुणे, आठ भाषणं, आणि मूल कोपऱ्यातल्या खुर्चीवर गुच्छ सांभाळत बसलेलं. अमेरिकेत स्काऊटचा सर्वोच्च दर्जा ‘ईगल स्काऊट’. तो देताना समारंभात मुलाच्या आईलाही एक छोटी पिन लावतात. मला ही रीत फार आवडली. इतकी वर्षं पहाटे उठून डबा भरणारी, गणवेशाला इस्त्री करणारी, शिबिराहून आलेले मळके कपडे धुणारी तीच असते. आणि हा सन्मान शेवटच्याच पायरीला कशाला? मुलगी द्वितीय सोपान झाली त्या दिवशी घरात शीरखुर्मा करा. तृतीय सोपानाला खालूजान, फुफूजानना बोलवा. मधल्या पायऱ्यांवर घरच्यांनी दखल घेतली तर चौदाव्या वर्षी ‘आता बस’ म्हणणं घरच्यांनाच जड जाईल.

आमच्या कार्यक्रमात या वेळी भाषणं दोनच ठेवली. उरलेला वेळ मुलीला दिला. ती माईकवर काय बोलावं म्हणून गप्प उभी राहिली. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक आजी म्हणाल्या, बेटा, माझा नातू गच्चीवरून पडला होता, हात मोडला, दवाखान्यात नेईपर्यंत पोर रडून रडून बेजार झालं, असं झालं तर करायचं काय?

मुलीने गळ्यातला स्कार्फ सोडला. तो तिकोनी का असतो हे त्या दिवशी सभागृहातल्या बहुतेकांना पहिल्यांदा कळलं. तिने समोरच्या एका लहान मुलाला स्टेजवर बोलावलं, त्याचा हात कोपरात वाकवून छातीशी धरला, स्कार्फ खालून घेतला, मानेच्या बाजूला गाठ बांधली. रीफ नॉट, हाडाला टोचणार नाही अशी सपाट. मग म्हणाली, हात सरळ करायला जायचं नाही, चोळायचं नाही, आहे तसाच आधार देऊन न्यायचं. आजी उठून स्टेजजवळ आल्या आणि म्हणाल्या, ओढणीने होईल का? ती म्हणाली, होईल दादी, या, तुम्ही बांधून बघा.

मग अजून सात-आठ बायका उठल्या. तिचे अब्बू मागे दाराशी उभे होते. रिक्षा लावायला जागा मिळाली नव्हती, म्हणून उशिरा आले होते.